रानच्या मटणाची रीत, गावरान कोंबड्यावर आणि बटेरवर

आजीच्या घरी ‘रानचं’ शिजवायला एक वेगळा गंज होता. पितळेचा, जाड बुडाचा, आतून कल्हई केलेला. उमरेडकडच्या त्या गावात तेव्हा कुणी परवाना काढून शिकारीला जायचं आणि वाटा घरोघरी पोचायचा. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हळूहळू ते सगळं बंद झालं. गंज मात्र चुलीवरून उतरला नाही. आजी त्यात गावरान कोंबडा शिजवू लागली, अगदी त्याच रीतीनं: रात्रभर मुरवून, झाकणावर पाणी ठेवून, मंद जाळावर तासन्‌तास. तो गंज आता नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या स्वयंपाकघरात आहे आणि ही रीत मी लिहून ठेवते आहे. रानचं मांस ताटातून गेलं ते बरंच झालं, पण चिवट, बिनचरबीचं मांस मऊ करण्याची ती विद्या त्याच्यासोबत जायला नको.

कायद्याचं आधी स्पष्ट बोलून घेऊ. चितळ, सांबर, रानडुक्कर, ससा, मोर, तितर, रानातला लावा, यांतलं काहीही मारणं, विकणं, विकत घेणं किंवा त्याचं मांस घरात ठेवणं गुन्हा आहे. पिकांच्या नासाडीमुळे वनखातं कधी रानडुकराला मारायची परवानगी देतं, म्हणून त्याचं मांस विकायची मोकळीक होत नाही. हायवेला कुणी जाळीच्या पिशवीत जिवंत तितर-बटेर घेऊन उभा दिसला तर गाडी थांबवू नका. आपल्या शहराभोवती पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर आणि पलीकडे ताडोबा ही वाघांची जंगलं आहेत. तिथलं चितळ आणि रानडुक्कर हे वाघाचं अन्न आहे. मला हे मनापासून वाटतं, म्हणून सुरुवातीलाच लिहिलं.

मग आज शिजवायचं काय? गावरान कोंबडा, कडकनाथ आणि फार्मवर वाढवलेली जपानी बटेर. ही बटेर रानातल्या लाव्यापेक्षा वेगळी. १९७० च्या दशकात ती बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणली गेली आणि तिथून तिचं पालन देशभर पसरलं. ती साफ करून, पॅक करून, बिलासकट मिळते. बिल नसेल तर घेऊ नका.

रानचं मांस वेगळं का शिजवावं लागतं, हे एकदा डोक्यात बसलं की पुढची कृती पाठ करावी लागत नाही. जे जनावर दिवसभर पळतं, उकरतं, चढतं, त्याच्या अंगात चरबी कमी आणि शिरा-पडदे जास्त. रंग गडद, वास दाट. मांस साधारण ६०-६५ अंशांच्या पुढे गेलं की त्याचे धागे आकसतात आणि पाणी बाहेर फेकतात. तेव्हा ते कडक लागतं. पण शिरा आणि पडदे त्याहून जास्त उष्णतेवर, आणि तेही सावकाश, विरघळून चिकट रस होतात. हा रस धाग्यांमध्ये उतरला की मांस पुन्हा मऊ लागतं. म्हणून अशा मांसाला दोनच वाटा: एकतर झटपट, नाहीतर निवांत. मधल्या वेळेचं मांस सगळ्यात वाईट. पाऊण तास शिजवून ‘कोंबडा चामड्यासारखा निघाला’ म्हणणाऱ्या माणसाचा कोंबडा जास्त शिजलेला नसतो, अर्ध्यावर उतरवलेला असतो.

कोंबडा घेताना

बाजारात ‘गावरान’ म्हणून जे विकतात त्यात बरेचदा रंगीत पिसांच्या फार्मच्या कोंबड्या असतात. पाय बघा. खऱ्या गावरान कोंबड्याच्या नळ्या बारीक आणि टणक, पंजे झिजलेले, नख्या बोथट. मोकळा फिरलेला कोंबडा उकरत असतो, त्याची खूण पंजांवर राहते. छाती निमुळती असते, हाताला हाड लागतं. सहा ते आठ महिन्यांचा, जिवंत सव्वादोन किलोच्या आसपासचा कोंबडा रश्श्याला उत्तम. साफ करून दीड किलो पडतो आणि सहा माणसांना पुरतो.

दुकानदाराला दोन गोष्टी सांगायच्या. पहिली, कातडं काढू नका. पिसं काढून, हळद चोळून, जाळावर भाजून द्या. बारीक लव जळते, कातडं आवळतं आणि जो धुराचा वास मांसात उतरतो त्याला दुसरा पर्याय नाही. आजी म्हणायची तो ‘रानचा वास’ मला आज इथेच सापडतो. दुसरी, तुकडे मोठे ठेवा. बारीक खांडोळ्या केल्या की दोन तासांत हाडं आणि धागे वेगळे होऊन रश्श्यात तरंगतात. मान, पंजे, कलेजी, पोटा सगळं मागून घ्या. पंजे रश्श्याला दाटपणा देतात, ते टाकून देणं म्हणजे फुकटचा रस टाकून देणं.

घरी आणल्या आणल्या शिजवायला घेऊ नका. कापल्यानंतर काही तास स्नायू ताठरतात. त्या अवस्थेत गंजात टाकलेलं मांस लवकर मऊ होत नाही. तुकडे एका भांड्यात पाणी घेऊन हलक्या हातानं धुवा. नळाच्या धारेखाली धरलं तर पाणी उडून ओट्याभर पसरतं. मग एक चमचा हळद, दोन चहाचे चमचे मीठ आणि दोन मोठे चमचे अद्रक-लसणाचं वाटण चोळून, झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. मीठ आतपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि त्यामुळे शिजताना मांसात पाणी टिकून राहतं. कलेजी वेगळी ठेवा. कच्ची पपई मी वापरत नाही. ती वरचा थर पिठूळ करते, आतला चिवटपणा तसाच राहतो.

मसाला

नागपुरात या रश्श्याला ‘सावजी’ म्हणतात. हा हलबा कोष्टी समाजाचा, विणकरांचा स्वयंपाक. इतवारी, महाल, गोळीबार चौक या भागांतून तो शहरभर गेला. बाहेरगावचे लोक सावजी म्हणजे नुसतं तिखट समजतात, याचं मला वाईट वाटतं. तिखट तर आहेच, पण सावजीची खरी ओळख दगडफूल, सुंठ, मसाला वेलची आणि खसखस यांच्या काळसर, मातकट वासात आहे. तिखटामुळे हा वास मेला तर तो रस्सा फसला. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि बरीच घरं ते सांगत नाहीत. खाली आहे ते आमच्या घरचं.

दीड किलो कोंबड्याला: धने तीन मोठे चमचे, जिरे एक मोठा चमचा, शहाजिरे अर्धा चहाचा चमचा, खसखस एक मोठा चमचा, लवंगा सहा, काळी मिरी बारा, दालचिनीचे बोटभर दोन तुकडे, मसाला वेलच्या दोन, हिरव्या वेलच्या तीन, जायपत्रीची एक पाकळी, दगडफूल चुरून एक मोठा चमचा, सुंठेचा अर्ध्या बोटाएवढा तुकडा. भिवापुरी सुक्या मिरच्या बारा. ही मिरची आपल्याच जिल्ह्यातली, भिवापूरची, आणि तिला भौगोलिक मानांकन आहे. ती नसेल तर दुसरी तिखट लाल मिरची आठ-नऊ घ्या. शिवाय सुकं खोबरं चाळीस ग्रॅम, मोठे कांदे तीन, लसणाचा एक गड्डा. तेजपान दोन, पण ती वाटायची नाहीत, फोडणीत जातील.

भाजताना घाई नको. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर. धने-जिरे सुगंध येईपर्यंत, खसखस नुसती गरम होऊन तडतडेपर्यंत. ती करपली तर सगळा रस्सा कडू होतो आणि मग काहीही घालून तो सुधारत नाही. दगडफूल सगळ्यात शेवटी, तेलाच्या दोन थेंबांवर, जेमतेम अर्धा मिनिट. मिरच्या बिया काढून गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा.

कांदे सालासकट थेट जाळावर ठेवा. वरचं साल काळं होऊ द्या, आतला कांदा मऊ आणि गोडसर व्हायला हवा. खोबऱ्याची वाटीसुद्धा चिमट्यात धरून जाळावर फिरवा, कडा काळ्या झाल्या की पुरे. रश्श्याचा काळा रंग या दोघांतून येतो. जळका मसाला आणि काळा मसाला यांत फरक आहे, तो जिभेला लगेच कळतो. कांद्याचं जळकं साल काढून टाका. मग आधी कोरडे मसाले बारीक करून, त्यात मिरच्या, खोबरं, कांदे आणि लसूण घालून अगदी गंधासारखं वाटा. पाटा-वरवंटा असेल तर उत्तम. मिक्सरमध्ये करणार असाल तर थांबून थांबून, थोडं थोडं पाणी घालून. वाटण रवाळ राहिलं तर तर्री नीट सुटत नाही.

शिजवणं

तेल दीडशे मिली. कमी करू नका. मांसाला स्वतःची चरबी नाही, ती कसर तेलच भरून काढतं, आणि खायचं नसेल तर तर्री ताटात वाढताना बाजूला सारता येते. पूर्वी या रश्श्याला जवसाचं तेल असायचं. घाणीचं जवस तेल मिळालं तर दोन चमचे शेवटी वरून घाला. ते फार तापवलं की कडवट होतं, म्हणून फोडणीला शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल बरं.

जाड बुडाच्या गंजात तेल तापलं की तेजपान आणि मग सगळं वाटण. आता वीस-पंचवीस मिनिटं सराट्यानं परतत राहायचं. बुडाला लागेल असं वाटलं की एक पळी गरम पाणी. आधी कच्च्या कांद्याचा वास जाईल, मग वाटण घट्ट होऊन गोळा धरेल, मग कडेनं तेल सुटायला लागेल. एवढ्या वेळात फोन घेऊ नका, दाराशी जाऊ नका. या पंचवीस मिनिटांत रस्सा ठरतो.

तेल सुटलं की मुरवलेले तुकडे घाला, आच वाढवा, दहा-बारा मिनिटं परता. मांसाचं पाणी सुटेल आणि परत आटेल. आता आच अगदी मंद करा. गंजावर खोलगट ताट झाका आणि ताटात दोन पेले पाणी ओता. खालच्या वाफेनं ताटातलं पाणी तापतं, थंड ताटाला लागून आतली वाफ परत थेंब होऊन मांसावर पडते. पंधरा मिनिटांनी तेच गरम पाणी गंजात ओतायचं आणि ताटात नवं पाणी घ्यायचं. असं तीनदा केलं की रश्श्याला लागणारं निम्मं पाणी आत गेलेलं असतं आणि उकळी एकदाही मोडलेली नसते. थंड पाणी घालू नका. उकळी मोडली की मांस आखडतं, हे आजीचं म्हणणं मी बरेचदा पडताळून पाहिलं आहे.

तिसऱ्या पाण्यानंतर आणखी लिटरभर कडकडीत पाणी घाला आणि बारीक बुडबुडे येत राहतील एवढ्याच आचेवर ठेवा. खळाखळा उकळायचं नाही. सगळे मिळून पावणेदोन ते दोन तास. सव्वा तासापासून तंगडीचा तुकडा तपासा. हाडाजवळचं मांस नळीवरून मागे सरकलं आणि बोटानं दाबल्यावर सांधा सुटला तर झालं. घड्याळापेक्षा सांध्यावर विश्वास ठेवा, कारण दोन कोंबडे सारखे नसतात.

वेळ नसेल तर कुकर चालतो. मसाला तसाच परतायचा, मांसही तसंच, मग गरम पाणी घालून पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतला रस्सा एकदम उसळतो आणि मांसाचा ओलावा जातो. चव गंजातल्यासारखी येत नाही, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी मीही हेच करते.

शेवटच्या वीस मिनिटांत कलेजी घाला. एक मोठा चमचा ज्वारीचं पीठ कोरडं भाजून, पाण्यात कालवून ओता. रस्सा दाट होतो, भाकरीशी नातं जुळतं. मीठ बघा. गॅस बंद करून अर्धा तास झाकून ठेवा. या वेळात तर्री वर येते आणि मांस रस परत ओढून घेतं. वरून बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर.

लेकरांसाठी तुकडे मसाल्यात घालण्याआधीच त्यातले दोन-चार वेगळे काढून हळद-मिठाच्या पाण्यात शिजवायला ठेवा. तेच त्यांचं सूप, आणि उरलेलं रश्श्यात ओतता येतं.

कडकनाथही असाच, फक्त आणखी कोरडा. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही जात, मांस आणि हाडंसुद्धा काळसर, चरबी फार थोडी. तेल पाव वाटी जास्त घ्या आणि काळ्या रंगामुळे शिजलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून सांधाच तपासा.

बटेर

बटेरच्या बाबतीत मी एकदा मोठी चूक केली. घरी पाहुणे होते, बारा बटेर आणल्या आणि कोंबड्यासारख्याच तासभर रश्श्यात सोडल्या. छातीचं मांस भुशासारखं कोरडं झालं आणि हाडं रश्श्यात विखुरली. बटेर पाच आठवड्यांची कोवळी असते, साफ केल्यावर जेमतेम दीडशे ग्रॅम. तिच्यात विरघळायला शिराच नाहीत. ती झटपट वाटेची.

माणशी दोन धरा. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि तेजपान, आणि बटेर तासभर बुडवून फ्रीजमध्ये ठेवा. तासापेक्षा जास्त नको, खारट होते. बाहेर काढून फडक्यानं अगदी कोरडी टिपा. ओली राहिली तर तव्यावर भाजली जात नाही, उकडते.

स्वयंपाकघरातल्या कात्रीनं पाठीचं हाड दोन्ही बाजूंनी कापून काढा, बटेर उलटी करून छातीवर तळहातानं दाबा. ‘कट्’ असा आवाज येतो आणि ती पुस्तकासारखी पसरते. अशी सपाट बटेर सगळीकडून एकाच वेळी शिजते. काढलेली हाडं टाकू नका, पाण्यात अर्धा तास उकळून ठेवा.

तिखट दोन चमचे, वरच्या कोरड्या मसाल्याची पूड एक मोठा चमचा, अद्रक-लसूण आणि अर्ध्या लिंबाचा रस एवढं चोळून वीस मिनिटं. मीठ पुन्हा नाही. जाड तव्यावर तेल आणि थोडं तूप चांगलं तापवा. कातड्याची बाजू खाली, वर जड झाकण किंवा पाण्यानं भरलेलं भांडं दाबून चार-पाच मिनिटं. उलटून तीन मिनिटं. बाजूला काढा.

त्याच तव्यात, चिकटलेला मसाला न पुसता, दोन बारीक कांदे लालसर परता, दोन भेद्रं (टोमॅटो) घाला, ती गळली की हाडांचं पाणी एक वाटी. दाट झालं की बटेर परत आत, झाकून पाच मिनिटं. मांडी आणि छातीच्या मधल्या जागी सुरी टोचून बघा, रस पारदर्शक यायला हवा, गुलाबी नको. जेवणाचा थर्मामीटर असेल तर ७४ अंश. तेवढं झालं की लगेच उतरवा आणि पाच मिनिटांत वाढा. बटेर ताटकळत ठेवायचा पदार्थ नाही. भाकऱ्या आधी, बटेर नंतर.

परदेशातल्या लेकीसुनांसाठी

माझी भाची अमेरिकेत आहे. तिथे हरणाचं मांस रीतसर मिळतं, शेजारी शिकारीचा वाटा आणून देतात, आणि ती मला फोनवर विचारते, ‘मावशी, याला सावजी मसाला चालेल का?’ चालतो, पण कोणता तुकडा आहे ते आधी बघायचं. खांदा, मान, नळी हे तुकडे वरच्या कोंबड्याच्या रीतीनं, फक्त वेळ अडीच-तीन तास. पाठीचा लांबट मऊ तुकडा मात्र रश्श्यात टाकू नका, तो बटेरसारखा तव्यावर थोडाच वेळ भाजायचा.

हरणाची पांढरी चरबी पूर्ण काढून टाका. ती थंड होताना मेणासारखी टाळूला चिकटते आणि उग्र वास तिचाच असतो. वरचा चंदेरी पडदाही सुरीनं सोलून काढा, तो भाजताना आकसतो. मग आपलं तेल किंवा बोकडाची चरबी घाला. खिमा करायचा तर पाच भाग हरणाला एक भाग बोकडाची चरबी. खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजलाच पाहिजे. रानडुकराचं मांसही अर्धवट शिजलेलं कधीच खाऊ नये, त्यात जंत असू शकतात आणि नुसतं गोठवून ते सगळे मरतातच असं नाही. तिथल्या काही भागांत हरणांना मेंदूचा एक असाध्य रोग होतो. तो शिजवून जात नाही, म्हणून त्या भागातलं मांस तपासणी झालेलंच घ्यायचं. बंदुकीच्या जखमेभोवतीचा भाग कापून टाकायचा, त्यात शिशाचे कण असू शकतात.

वाढणं आणि उरलेलं

सोबत ज्वारीची भाकर, पातळ आणि पापुद्रा सुटलेली. मटक्यावरची लंबी रोटी जमत असेल तर तीही. कच्चा कांदा मुठीनं फोडलेला, लिंबू, हिवाळ्यात मुळा. भातासाठी भंडाऱ्याकडचा चिन्नोर मिळाला तर दुसरा शोधू नका. दही किंवा ताक जेवणाच्या शेवटी घ्या, रश्श्यात कालवू नका, दगडफुलाचा वास मरतो.

उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, हे खरं आहे, पण तो नीट ठेवला तर. हिवाळ्यात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा. मे महिन्यात, आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा, तासभरही बाहेर ठेवू नका. पसरट भांड्यात ओतलात तर लवकर थंड होतो. सकाळी तो खरवसासारखा थिजलेला दिसेल. ते पंजांचं आणि शिरांचं काम. हवा तेवढाच काढून चांगला खळखळून उकळा, शिळी भाकर कुस्करून त्यावर ओता आणि पाच मिनिटं झाकून ठेवा.